होडीला हात

ज्येष्ठ लागला तरी चांगदेवाच्या कादंबरीतला पाटील मरायला तयार नव्हता.

तसं चांगदेवानं त्याला मारून पाहिलं होतं. आधी समुद्रात बुडवला. पण ते मरण फार सोपं झालं. असल्या माणसाला दोन घोट खारं पाणी म्हणजे बक्षीसच, म्हणून ते पान फाडलं. मग अंगावर वीज पाडली. ते त्यानं बायकोला वाचून दाखवलं, तर केसर तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "वीज माणूस बघून पडायला लागली तर आपल्या पाळकसाहेबांचं काय होईल?" तेही पान गेलं. शेवटी जमलं. पायाला जखम, जखमेत किडे, घर रिकामं, आणि ओसरीवर पडलेला पाटील पाण्याच्या तांब्याकडे हात लांबवतोय. तांबा हाताला लागत नाही, हाकेला कोणी येत नाही. हे लिहून झालं की छाती हलकी होईल असं चांगदेवाला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. खोकला आला, आणि तो भिंतीला टेकून डोळे मिटून बसला. दिवसभर कुणाचं तरी ओझं वाहून आल्यासारखा शिणला होता.

माणूस चव्वेचाळिशीचा, पण दिसायचा साठीचा. मुरुडच्या अलीकडे उघड्या किनाऱ्यावर एक कोळीवाडा होता. जिथं वाळू संपते आणि माडांची वाडी सुरू होते तिथं मिशनची एका खोलीची शाळा, आणि शाळेला लागून त्याचं घर. मास्तर तोच, घंटा वाजवणारा तोच, रविवारी चार ख्रिस्ती घरांना शास्त्र वाचून दाखवणाराही तोच. शिक्षण म्हणाल तर मराठी तिसरी. बाकीचं तो वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून, मिशनच्या कपाटातल्या वाळवी लागलेल्या पुस्तकांवरून आणि रागावरून शिकला होता. रागावरून सगळ्यांत जास्त. मुंबईची शिकलेली माणसं समुद्रावर गोष्टी लिहीत, त्यांत चांदणं मुबलक असे आणि मासळीचा वास औषधाला नसे. त्या लेखकांची त्याला चीड होती. त्याच्या कादंबरीत वास होता. मिशनच्या मासिकात ती वर्षभर येत होती. शेवटचं प्रकरण हाती आलं की मिशनचा छापखाना तिचं पुस्तक काढणार होता. उभ्या जन्मातलं पहिलं पुस्तक, आणि खोकल्याचा रंग बघता शेवटचंही.

ते प्रकरण न्यायला पाळक योसेफराव स्वतः आले. पावसाळ्यासाठी आगबोटी बंद व्हायच्या होत्या, आणि शनिवारची शेवटची आगबोट पकडून त्यांना मुंबई गाठायची होती. गोरेगोमटे, पोट सुटलेले, मनानं वाईट नाहीत. शाळेच्या बाकावर बसून त्यांनी पानं वाचली, चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा न घालता हातातच धरला.

"चांगदेवराव, हे वाचून मला दुपारचं जेवण जाणार नाही."

"मग जमलंय म्हणायचं."

"जमलंय हो. पण बारा महिने तुम्ही लोकांना सांगितलंत की हा रावजी पाटील वाईट आहे. पटलं. आता देव चांगला आहे हे कधी सांगणार? पानं संपत आली."

"वाईट माणूस वाईट मरतो. यात देव आला की."

"यात किडे आले." पाळकांनी पानं त्याच्यापुढे सरकवली. "त्याला पश्चात्ताप होऊ द्या. ख्रिस्ताकडे येऊ द्या. बाप्तिस्मा घेऊन मेला तर मरू दे बापडा, माझी हरकत नाही."

"खऱ्या पाटलानं घेतला नाही."

"कादंबरीतल्याला घेऊ द्या. तुमच्याच हातात आहे ना?"

"माझ्या हातात टाक आहे पाळकसाहेब. तारण तुमच्या खात्यात येतं."

पाळक हसले. "मी मुरुडास उतरलोय. शनिवारी आगबोट. तोवर त्याला तारा, नाहीतर पुस्तकाचं काही खरं नाही." एवढं बोलून ते छत्रीचा टेकू घेत उठले आणि बैलगाडीत जाऊन बसले.

खरा पाटील म्हणजे अंबाजी. तो जिवंत होता, शाळेपासून हाकेच्या अंतरावर राहत होता, आणि चांगदेवाच्या बापाची होडी त्यानं फोडली होती. निदान चांगदेव तरी हे असंच सांगत आला होता.

झालं होतं असं. पाऊस सुरू व्हायच्या आधी कोळीवाड्यातल्या सगळ्या होड्या किनाऱ्यावर वर ओढून घेतात आणि झावळ्यांच्या झापांनी शाकारून ठेवतात. होडी भरतीच्या ऐन माथ्यावर ओढावी लागते, खाली माशाचं तेल लावलेले ओंडके टाकून. एका घरच्या माणसांचं ते काम नव्हे. म्हणून सगळा वाडा मिळून एकेक होडी वर घेतो. आज तुझी, मग माझी. यात कोणी कुणाचे उपकार मानत नाही, नारळ फुटतो आणि माणसं पुढच्या होडीकडे जातात. चांगदेवाचा बाप बाबाजी यानं बाप्तिस्मा घेतला त्या वर्षी जमातीचा पाटील अंबाजी वाळूत उभा राहून म्हणाला, "बाबाजीच्या होडीला कोणी हात लावायचा न्हाय." कोणी लावला नाही. बाप, आई आणि बारा वर्षांचा चांगदेव दोर ओढत राहिले. पाणी चढलं, लाटांनी होडी आडवी केली आणि पुळणीवर आपटून आपटून तिची फळी न् फळी सुटी केली. दोरानं कापलेला वळ चांगदेवाच्या उजव्या तळव्यावर अजून होता. टाक धरला की तो नेमका टाकाखाली यायचा. बाप पुन्हा समुद्रावर गेला नाही. मिशनच्या बंगल्याचं आवार झाडत तो म्हातारा झाला आणि झाडता झाडताच गेला.

चांगदेवानं नाव तेवढं बदललं होतं. अंबाजीचा रावजी केला, आणि गोष्ट होडीवाल्याच्या पोराच्या तोंडून सांगितली. रावजीच्या हातात काठी दिली आणि तोंडात वाक्य घातलं, "हात लावील त्याचा हात तोडीन." शाळेतली पोरं मासिक घरी नेऊन आईबापांना वाचून दाखवत. वाड्यातल्या कुणाला रावजी ओळखायला वेळ लागला नाही. आणि गंमत अशी की वाडा चिडला नाही, खूश झाला. जी माणसं बाबाजीच्या बाटण्यापासून या ओसरीवर चढली नव्हती ती संध्याकाळी येऊन बसायला लागली. वाड्याचा आताचा म्होरक्या कान्हा तर विडी शिलगावून म्हणायचा, "मास्तर, त्यो काठीवाला भाग पुन्हा वाचा. काय नालायक माणूस व्हता." चांगदेव वाचायचा. त्याला ते गोड लागायचं. का लागू नये? आयुष्यभर ज्याला कुणी पाटावर बसवलं नाही त्याला पहिल्यांदा कुणी "मास्तर, वाचा" म्हणत होतं.

पोरं तेवढी एक करायची. अंबाजीचे दोन्ही डोळे गेले होते. तो काठी टेकत किनाऱ्यावर आला की पोरं मागून ओरडायची, "रावजी, हात तोडीन!" आणि पळायची. चांगदेवानं हे शाळेच्या खिडकीतून कितीदा तरी पाहिलं होतं, आणि खिडकी लावून घेतली होती.

पाळक गेले आणि थोड्याच वेळात अंबाजीची सून नीराबाई दारात आली. आत आली नाही. पदर डोक्यावर घेत म्हणाली, "मास्तर, म्हातारा बोलवतो. म्हणतो, ती गोष्ट माझ्यासमोर वाच."

"कशाला? पोरांच्या तोंडून ऐकली असेल की."

"पोरं एकच वाक्य म्हणतात."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. चांगदेव उठला. खरं सांगायचं तर त्याला जायचंच होतं. या क्षणाची तो लहानपणापासून वाट बघत होता. समोर अंबाजी, हातात लिहिलेलं, आणि अंबाजीला उठून जायला वाट नाही. त्यानं किड्यांची पानंही बरोबर घेतली.

अंबाजी ओसरीवर बाजेवर बसला होता. अंग सगळं आटलं होतं, कान तेवढे मोठे राहिले होते. बाजेच्या पायाला एक सुतळी बांधली होती आणि सुतळीचं दुसरं टोक पाण्याच्या तांब्याच्या गळ्याला. तहान लागली की म्हातारा सुतळी चाचपायचा आणि तांबा ओढून घ्यायचा. चांगदेव त्या सुतळीकडे बघत बसला. असलं काही आपल्याला सुचलं नव्हतं, हे त्याच्या आधी लक्षात आलं. बाकीचं मग.

"बसलास का?" अंबाजी म्हणाला. "वाच. लाजू नको."

चांगदेवानं होडीचं प्रकरण वाचलं. म्हातारा मध्ये बोलला नाही. एकदा हसला मात्र.

"हसायला काय झालं?"

"माझ्याकडं काठी नव्हती रं. तेवा मी तरणाबांड, काठी कशाला घेऊ? बाकी ठीक हाय."

"ठीक हाय?"

"बोललो व्हतो मी. बाबाजीच्या होडीला हात लावायचा न्हाय. एकदा बोललो आणि घरी जाऊन जेवलो. तुज्या गोष्टीत मी भरती संपेपर्यंत काठी घेऊन उभा. एवढा वेळ कुणाला असतो?"

"मग उभं कोण होतं?"

"सगळे. कान्हाचा बाप व्हता, बायका व्हत्या, अख्खा वाडा व्हता. तू तिथंच व्हतास की. तुला दिसले न्हाय?"

दिसले होते. चांगदेवाला ते अजून दिसत. दोर खांद्यावर घेऊन मागं वळून बघितलं की हाताची घडी घातलेली माणसं, ओळीनं. कादंबरीत त्यानं ती घेतली नव्हती. एका माणसाचं पाप लिहायला सोपं जातं. वाचणाऱ्यालाही बरं वाटतं, कारण तो माणूस आपण नसतो. आणि ती घडी घातलेली माणसं, त्यांची पोरं, आता आपल्याच ओसरीवर बसून विड्या ओढत होती.

"तुज्या बापानं," म्हातारा म्हणाला, "एकदा पण हात द्या म्हटलं न्हाय."

चांगदेवाच्या डोक्यात तिडीक गेली. "म्हणायचं होतं? तुमच्या पाया पडायचं होतं त्यांनी?"

"माज्या न्हाय. माज्या पडला असता तर मी लाथ मारली असती, मी तेवा तसाच व्हतो. त्यांना म्हणायचं व्हतं. दोघं-चौघं आली असती. मी काय, मी जेवत व्हतो."

"ज्याला वाळीत टाकलं त्यानंच भीक मागायची. बरा न्याय आहे."

"न्याय न्हायच त्यो. मी कुठं न्याय म्हटला? काय झालं असतं ते सांगितलं." अंबाजीनं सुतळी ओढली, तांबा जवळ आला, दोन घोट प्यायला. "बरं, मला मारतोस कसा?"

हे वाचायला चांगदेवाची जीभ वळेना. पण त्यानं वाचलं. जखम, किडे, रिकामं घर, हाताला न लागणारा तांबा. वाचताना त्याला प्रत्येक शब्द खरखरीत लागत होता. नीराबाई दारात उभी राहून ऐकत होती, ती आत निघून गेली.

म्हाताऱ्यानं हातातला तांबा गुडघ्यावर टेकवला. मग म्हणाला, "पोरगा जवळ हाय का?"

"कोण?"

"रावजीचा. पोरगा असेल ना त्याला. मरताना जवळ हाय का?"

"नाही."

"माजा मुंबईला गोदीत हाय. येत न्हाय." अंबाजीनं तांबा जमिनीवर ठेवला, सुतळी नीट सरळ केली. "किडे असू देत. किड्यांचं काय न्हाय. गोष्टीत पोरगा तेवढा जवळ बसव."

पानं गोळा करून चांगदेव उतरला. अंगणाच्या कोपऱ्यावर नीराबाईनं त्याला गाठलं.

"उद्या शेवटचं उधाण," ती म्हणाली. "सगळ्यांच्या होड्या वर जाणार. आमची न्हाय जायची. वाट्यानं चालवायला दिली व्हती, त्या माणसानं पण सोडली. मी कान्हाकडं गेले व्हते. तो म्हणाला, मास्तरच्या गोष्टीत बघ काय केलं रावजीनं, तेच त्याला आता. सगळे हसले. होडी गेली तर आमचं काय ऱ्हायलं, मास्तर?"

घरी येऊन चांगदेवानं केसरला सगळं सांगितलं. ती पालीकडची, भाताच्या गावातली. होड्यांतलं तिला कळत नव्हतं, नवऱ्यातलं कळत होतं.

"मग? तुम्हांला हवं होतं तेच झालं की."

"हो."

"मग तोंड असं का?"

"दमलोय."

"लिहून?"

"त्याचा राग करून," चांगदेव म्हणाला. "फार वर्षं झाली ना."

त्यानं प्रार्थना करून पाहिली. वैऱ्याबद्दल प्रभूनं जे सांगितलं ते तो रविवारी पुष्कळदा समजावून सांगत असे. वैऱ्याला पाणी द्यावं, वाट द्यावी, नमस्कार करावा वगैरे. सोपं होतं, कारण अंबाजी कधी पाणी मागायला आला नव्हता. आपल्या गोष्टीतही वैऱ्याला पाणी द्यावं लागेल, तांबा त्याच्या हाताला लागेल इतक्या जवळ ठेवावा लागेल, हे कुणी त्याला सांगितलं नव्हतं. पाळकांनी तर नाहीच. त्यांना पाटलाला एकदम स्वर्गात न्यायचा होता, पाणी न पाजता. चांगदेवानं वाट पाहिली, आत काही उमलतंय का. प्रेम वगैरे काही आलं नाही. फक्त कंटाळा आला, त्या जुन्या रागाचा. कितीही पाणी घातलं तरी फळ न धरणाऱ्या माडाचा यावा तसा.

शुक्रवारी भरतीच्या वेळेला अख्खा वाडा किनाऱ्यावर होता. होड्या एकामागून एक वर चढत होत्या, दोर ओढणाऱ्यांच्या आरोळ्या लाटांच्या वर ऐकू येत होत्या. शेवटाला, सगळ्यांपासून तोडल्यासारखी, अंबाजीची होडी पाण्यात हिंदकळत होती. नीराबाई दोर धरून गुडघाभर पाण्यात उभी होती. म्हातारा वाळूत बसला होता, तोंड समुद्राकडे.

चांगदेव सरळ कान्हाकडे गेला. त्याला बोलायची एकच रीत ठाऊक होती, तीच त्यानं वापरली.

"कान्हा, कादंबरीत मी खोटं लिहिलं. काठी नव्हती. अंबाजी बोलून घरी गेला होता. होडी फुटेपर्यंत तुमचे बाप उभे होते. हाताची घडी घालून."

कान्हानं खांद्यावरचा दोर खाली टाकला. "म्हणजे आमचे बाप पापी?"

"त्या दिवशी तरी होते."

"आणि म्हातारा देवमाणूस?"

"तोही नाही. सगळे सारखे."

"मग लिहा की तसं."

"लिहिणार आहे."

"लिहा. आणि उद्यापासून माजी पोरं तुमच्या शाळेत यायची न्हायत." कान्हानं बाकीच्यांकडे वळून हात उडवला. "ऐकलं का? आपले बाप पापी हायत. मास्तरानं शोधून काढलं." कोणी हसलं, कोणी थुंकलं, आणि माणसं पुढच्या होडीकडे गेली.

खरं बोलून होडी तसूभर हलली नाही. ती हलणार नव्हतीच. चांगदेव येऊन दोराला लागला. केसर लुगडं खोचून मागून लागली, नीराबाई होतीच. तिघांनी ओढलं. होडी पुढे यायची सोडून बाजूला कलली. दोर तळव्यावरच्या जुन्या वळावर आला. खोकल्याची उबळ आली आणि तो वाळूत बसला. पाणी वर वर येत होतं. एक मोठी लाट आली, होडीचा खालचा भाग वाळूवर आदळला, आणि तो आवाज चांगदेवाला ओळखीचा होता.

समोर माणसं उभी होती. ओळीनं. आणि तेव्हा त्याला कळलं की आपल्या बापाच्या गळ्यात काय अडकलं होतं. दोनच शब्द होते. मानानं जगलेल्या माणसाला ते गिळता येतात, काढता येत नाहीत. बापानं गिळले आणि जन्मभर आवार झाडलं. आपणही गिळले आणि कादंबरी लिहिली.

तो उठला, पहिल्या माणसापुढे गेला, हात जोडले. "हात द्या."

तो माणूस दुसरीकडे बघायला लागला. चांगदेव पुढच्याकडे गेला. "हात द्या." त्याच्या पुढच्याकडे गेला. आवाज चिरकत होता. मग कान्हासमोर आला.

"कुणासाठी?" कान्हा म्हणाला. "त्याच्यासाठी?"

"माझ्यासाठी. त्या दिवशीचं मागतोय समज."

बायकांच्या घोळक्यातून आवडाबाई पुढे आली. सत्तरीची, कमरेत वाकलेली, तोंडात मिसरी. ती पचकन थुंकली. "त्या दिवशी मी पोटुशी व्हते," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "म्हणून हात न्हाय लावला असं सांगत आले. आज तर पोटुशी न्हाय ना?" ती गेली आणि दोराला लागली. तिचा काय जोर लागणार होता? पण आई दोराला लागली म्हटल्यावर तिचे दोन मुलगे शिव्या देत गेले. मुलगे गेले म्हणून त्यांचा मेहुणा गेला. मग आणखी काही. सगळे नव्हेत, निम्मेही नव्हेत. कान्हा जागचा हलला नाही. त्यानं आपल्या होडीखालचे तेल लावलेले ओंडके पायानं चांगदेवाकडे लोटले. "हे ने. माणूस मागू नको माझ्याकडं."

होडी वर गेली. नेहमीच्या जागी नाही, पण पाण्याच्या रेघेच्या वर, वाळूच्या चढापर्यंत. तिथं ती तिरकी टेकली आणि थांबली. नारळ कुणी आणला नव्हता. माणसं एकमेकांकडे न बघता पांगली.

"गेली का वर?" अंबाजीनं विचारलं.

"गेली."

"किती जण आले?"

"पुरले तेवढे," चांगदेव म्हणाला, आणि त्याच्या शेजारी वाळूत आडवा झाला. आनंद झाला म्हणावं तर अंगात आनंदापुरतंही बळ उरलं नव्हतं.

शनिवारी सकाळी उजाडल्या उजाडल्या त्यानं होडीचं आणि शेवटचं, दोन्ही प्रकरणं पुन्हा लिहिली. लिहायला फार वेळ लागला नाही. काठी काढली, ओळीनं उभी असलेली माणसं घातली, तांब्याला सुतळी बांधली. मग चालत मुरुडास गेला. पाळक बंदरावर पेट्या मोजून घेत होते. आगबोट लांब उभी होती आणि माणसं पडावांतून तिच्याकडे जात होती. योसेफरावांनी ट्रंकेवर बसून पानं वाचली.

"किडे काढलेत. आभारी आहे. पण बाप्तिस्मा कुठाय?"

"नाही."

"पश्चात्ताप?"

"रावजीचा मुलगा येतो. पाय चेपत बसतो. मग तो मरतो."

"बस?"

"बस."

"आणि मध्येच हे अख्खं गाव गुन्हेगार झालं. गोष्ट सांगणाऱ्या पोरासकट. तो शेवटी म्हणतो की मी तुम्हां सगळ्यांना गोष्टीतून वगळलं, कारण तुम्ही माझी गोष्ट ऐकत होता." पाळकांनी चष्मा खाली घेतला. "यातून वाचकानं काय घ्यायचं, चांगदेवराव?"

"मला ठाऊक नाही. मी काय घेतलं तेवढंच लिहिलं."

योसेफराव समुद्राकडे बघत राहिले. "मला विचाराल तर मला हे आवडलं. पण मला आवडून चालत नाही. छापखान्याची मंडळी हे घेणार नाहीत. ऐका माझं. दोन ओळी घालू द्या. शेवटच्या श्वासाला तो प्रभूचं नाव घेतो. मीच लिहितो, तुमचं एक अक्षर बदलायला नको. पुस्तक निघेल."

पडाववाल्यानं हाक मारली. चांगदेवानं पानांकडे पाहिलं. दोनच ओळी होत्या. पण कुणाच्या तोंडात त्यानं न बोललेलं वाक्य घालायचं, हे चांगदेवानं एकदा करून पाहिलं होतं. पोरं ते वाक्य आंधळ्या माणसाच्या मागे अजून ओरडत होती.

"त्यानं नाव घेतलं नाही पाळकसाहेब. घेतलं तर देवाला ऐकू येईल. मी कशाला मध्ये सांगू?"

"हट्टी आहात."

"होतो. आता हट्ट करायलाही त्राण नाही. नसेल छापायचं तर द्या परत."

पाळकांनी पानं परत दिली. देताना त्याचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला, आणि धोतर सावरत पडावात चढले. आगबोट धूर सोडत निघाली. पावसाळा संपेपर्यंत दुसरी येणार नव्हती, आणि आली तरी या पुस्तकासाठी येणार नव्हती. चांगदेव आल्या वाटेनं परत चालायला लागला. वाटेत दोनदा बसावं लागलं.

शाळा उघडी होती, केसरनं पोरं बसवली होती. कान्हाची नव्हती, आणखीही काही जागा मोकळ्या होत्या. तो आत गेला नाही. तसाच अंबाजीच्या ओसरीवर गेला. किनाऱ्यावर नीराबाई आपल्या होडीवर झाप घालत होती, ती इथून दिसत होती.

"छापतात का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"नाही."

"हं. मग वाच."

चांगदेवानं वाचलं. अंबाजी बोटांत सुतळी घोळवत ऐकत होता. वाचून झालं तेव्हा समुद्राचा आवाज तेवढा राहिला.

"पोरगा काय बोलतो?"

"काही नाही. पाय चेपतो."

"दाबून चेपतो का?"

"दाबून."

"मग ठीक हाय." म्हातारा बाजेवर आडवा झाला, पाय लांब केले. जरा वेळानं म्हणाला, "पोरगा येतो तिथनं पुन्हा वाच."

चांगदेवानं खोकून घसा मोकळा केला, बोट ओलं केलं, आणि पान मागं उलटलं.